बारावं पान

५ जानेवारी २०२५, रविवार

मागच्या वर्षीची वही ऑगस्टमध्येच थांबली. ही रोज लिहायची असं ठरवलेलं नाही, त्यामुळे ठरवलेलं मोडल्याची खंतही नको.

आज तनया एका चिनी बाईंना घेऊन घरी आली. तनया कोंढरे माझी जुनी विद्यार्थिनी. पाचव्या ग्रेडच्या परीक्षेनंतर तिने पियानो सोडला, चिनी भाषा शिकली आणि आता चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. तिथे नवी यंत्रं बसवायला चीनहून ज्या इंजिनियर बाई आल्या आहेत त्या ह्या, शेन बाई. पन्नाशीच्या, बारीक कापलेले केस, पायात कारखान्यातले जाड बूट. दाराबाहेर बूट काढून त्यांनी ते एका रेषेत लावले. मग आमच्या चपलाही लावल्या.

बसल्यावर त्यांनी यंत्राच्या माहितीपत्रकाच्या फोल्डरमधून झेरॉक्स पानं काढली. हाताने लिहिलेली पियानोची रचना होती, त्यांच्या वडिलांची. वडील एका लहान गावात शाळामास्तर. १९७३ साली त्यांनी ही लिहिली. त्या काळात तिकडे युरोपचं संगीत वाजवणं अंगाशी येण्यासारखं होतं, आणि गावात पियानो नव्हताच. शाळेत एक पायपेटी होती, तिच्या तीन पट्ट्या मेलेल्या. जेवढं पेटीवर वाजलं तेवढं त्यांनी पेटीवर रचलं, उरलेलं टेबलावर बोटं आपटून. शेतात पायाने रहाट फिरवून पाणी चढवणाऱ्या लोकांचं एक गाणं, त्या गाण्याची नऊ रूपं, आणि शेवटी फ्यूग. फ्यूग म्हणजे एकच धून तीन आवाजांनी एकामागून एक उचलायची आणि एकमेकांच्या पायात न येता चालत राहायचं, हा अस्सल युरोपी प्रकार. तो ह्या माणसाने रहाटाच्या गाण्यावर केलाय.

स्वतःची ही रचना त्यांनी आजवर सलग ऐकलेली नाही. गावात पियानो आला तोवर बोटं आखडली होती. आता ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. डावा कान गेला, उजवा यंत्रावर चाललाय, आणि डॉक्टर म्हणतात की तोही फार तर उन्हाळ्यापर्यंत. सोळा मार्चला त्यांचा वाढदिवस. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्यांना हे ऐकवायचं, ऐकू येतंय तोवर. मुलीने कपाटातून पानं काढून झेरॉक्स केल्याचं त्यांना माहीत नाही आणि कळूही द्यायचं नाही.

कुणालाही पडेल तो प्रश्न मी विचारला. तुमच्या देशात गल्लोगल्ली पियानोवाले आहेत, मग मी कशाला? ह्यावर त्या दोघी बराच वेळ बोलल्या. शेवटी तनया म्हणाली, "मॅडम, थोडं रूड वाटेल. त्यांच्या वडिलांना तिकडच्या मोठ्या लोकांना हे दाखवायची लाज वाटते. इथे ओळखीचं कोणी ऐकणार नाही, म्हणून तुम्ही."

म्हणजे कुणी ओळखत नाही ही माझी पात्रता. बावीस वर्षं शिकवते आहे, त्याची ही पहिली रीतसर दखल.

हो म्हटलं.

९ जानेवारी, गुरुवार

सगळी पानं एकदा चाळली. खोटं लिहायचं तर वही कशाला, म्हणून लिहिते: मला हेवा वाटला.

माझ्या कपाटात 'पियानोसाठी भूप' नावाची एक फाइल आहे. २००३ पासून तिच्यात चौदा सुरुवाती आहेत. मी आधी गाण्यात विशारद झाले, मग कॅम्पमधल्या बाईंकडे पियानो शिकले. तेव्हापासून गाणाऱ्यांमध्ये मी पियानोवाली आणि पियानोवाल्यांमध्ये गाणारी. आपला राग आणि त्यांची बांधणी एकत्र आणायची असं आयुष्याचं ध्येय वगैरे मी ठरवलं होतं. चौदापैकी एकही सुरुवात तिसऱ्या पानापलीकडे गेली नाही.

आणि हा माणूस अकरा पानं लिहून मोकळा.

धून पाच स्वरांची. पांढरी एकचा सा धरला तर सा रे ग प ध. आपला भूपच. पहिली ओळ वाजवली आणि लगेच पुन्हा वाजवली. पियानोवर मींड निघत नाही, एकदा पट्टी दाबली की स्वर जागचा हलत नाही. ह्याने शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकत्र दाबून स्वर वाकल्याचा भास केलाय. डावा हात तर लांब तारांच्या वाद्यासारखा, एक छेड आणि मग नुसतं वाट पाहणं. मी वीस वर्षं हेच शोधत होते, चालू स्थितीतल्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांसह.

नेहमीसारखा फोनवर तानपुरा लावून बसले. ही माझी खोड. विद्यार्थी हसतात, कॅम्पमधल्या बाई तर चिडायच्या. पण आठव्या वर्षापासून कानाला सा लागलेला आहे, तो मागे नसला की बोटं उघडी पडल्यासारखी वाटतात. पांढरी एक, सा-प, सुरू केलं की रियाज संपेपर्यंत बंद नाही.

रविराजने विचारलं काय आहे हे. सांगितलं. त्याचा मार्केट यार्डात लसूण-आल्याचा गाळा आहे, त्यामुळे चीन म्हटलं की त्याला एकच गोष्ट आठवते, तिकडून चोरून येणारा लसूण. म्हणाला, "चिनी मालावर बंदी हाय ना?" (वहीत मी त्याला 'तो' म्हणते. कात्रजला सासूबाईंसमोर 'अहो'. दोन्ही खरंच आहे.)

१९ जानेवारी, रविवार

सहावं रूप अजून बसत नाही. डाव्या हाताच्या करंगळीने राजीनामा दिलाय.

फ्यूग वाचायला घेतला आणि एक चूक सापडली. इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. नियम असा, की पहिल्या आवाजाने धून घरच्या स्वरावरून सुरू केली तर दुसऱ्याने ती पाच स्वर वरून उचलायची. सा वरून निघाला तर उत्तर प वरून. ह्यांचा पहिला आवाज निघतो प वरून, आणि दुसरा येतो रे वर. बाहेरच्या अंगणात उभं राहून शेजाऱ्यांशी बोलावं तसं. गावातले मास्तर, पुस्तक कुठून मिळणार, असं मी मोठ्या मनाने समजून घेतलं आणि त्या जागी पेन्सिलने बारीक अक्षरात 'चूक?' असं लिहिलं. प्रश्नचिन्हाचं श्रेय मला मिळावं.

शेन बाई आणि तनया जेवायला होत्या. बाई वांग्याची भाजी आवडीने जेवल्या. तिसऱ्या पोळीला त्यांनी ताटावर हात आडवा धरला. तरी मी वाढली. चौथीलाही धरला, तेव्हा मी बोटांच्या फटीतून ताटात सोडली. त्यांनी ती सगळी खाल्ली, सावकाश, खाली बघून. तनया म्हणाली, मॅडम बास. मी म्हटलं, आपल्याकडे पद्धत आहे.

जेवणानंतर पहिली चार रूपं वाजवून दाखवली. शेन बाईंना स्वरलिपी वाचता येत नाही, पण गाणं लहानपणापासून माहीत. त्यांनी सांगितलं की वडील शाळेतून घरी येताना हीच धून शिट्टीवर वाजवायचे. अंगणात पोचेपर्यंत शेवटची ओळ यायची, ती संपली की शिट्टी थांबायची आणि ते सरळ आत जाऊन तांदूळ धुवायला घ्यायचे. आई गिरणीत कामाला होती, रात्रीचा भात वडिलांकडे. पाण्याचा आवाज आला की मुलांनी समजायचं, शाळा संपली.

गोड आठवण आहे. कार्यक्रमाआधी दोन शब्द बोलायची वेळ आली तर वापरता येईल म्हणून इथे टिपून ठेवते.

२ फेब्रुवारी, रविवार

आज शेवटपर्यंत पोचले आणि घोटाळा लक्षात आला.

अकराव्या पानावर फ्यूग विरत जातो, तिन्ही आवाज एकेक करून थांबतात, रहाटाची मूळ धून एकदा साधी येते, आणि शेवटचा स्वर पंचम. बस. पुढे काही नाही. पंचम हवेत लटकलेला, खाली तानपुऱ्याचा सा बिचारा वाट बघतोय. पाच वेळा वाजवून पाहिलं. पाचही वेळा जिना उतरताना शेवटची पायरी नसल्यासारखं झालं.

म्हणजे बारावं पान हरवलंय.

घाईने निष्कर्ष काढायचा नाही म्हणून सगळ्या बाजूंनी विचार केला. एक, त्यांनी मुद्दाम असं संपवलं असेल का? पण इतकी नीटनेटकी बांधणी करणारा माणूस दार उघडं टाकून जाईल हे पटत नाही. दोन, झेरॉक्स करताना पान राहिलं असेल का? तनयाला फोन केला. ती म्हणाली, पहिल्या पानाच्या तळाशी चिनी आकड्यात लिहिलंय, 'एकूण अकरा'. हे जरा अडचणीचं आहे. पण वयोमानाने मोजताना माणसाची गफलत होऊ शकते.

वडिलांनाच विचारावं हे सरळ. पण मग वाढदिवसाची गंमत जाते. शेन बाईंना विचारून उपयोग नाही, त्यांना पानावरचं कळत नाही.

ऐकू येतंय तोवर एकदाच ऐकणार आहेत ते. तेही अर्धवट?

३ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिलेलं वाचलं. १९७३ मध्ये ते एकतीस वर्षांचे होते. वयोमानाचं कारण कापावं लागेल.

पान तरीही हरवलेलंच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

बारावं पान लिहून झालं.

म्हणजे काय झालं, मी फक्त एक स्वर लावून बघणार होते. पंचमानंतर सा. एक स्वर म्हणजे काही लिहिणं नव्हे. पण नुसता सा उघडा वाटला, म्हणून त्याखाली दोन स्वर दिले. मग सा पर्यंत यायला रस्ता लागला. रस्ता झाला तर वाटेत फ्यूगची धून एकदा, आता मात्र नियमाप्रमाणे, सा वरून. आणि मग दोन्ही हातांनी भरघोस, मोठ्या देवळात घंटा वाजाव्यात तसा शेवट. वाजवायला दीड मिनिट.

विनयाची ही जागा नाही, वही आहे: आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं काम. चौदा सुरुवाती केल्या, शेवट हा एकच, आणि तो दुसऱ्याच्या रचनेला.

रविराजला ऐकवलं. तो म्हणाला, छान आहे, दणदणीत. मग म्हणाला, "मगाशी संपलं म्हणून मी चहा टाकायला उठलो होतो. तू पुढे वाजवत राहिलीस, मग बसलो परत." त्याचा कान तयार नाही, त्याला मी काही बोलले नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ग्रेड तीनच्या चार मुली, चौघींचंही तेच गाणं, चौघींची चूक त्याच जागी. चौथीला वाटेतच थांबवून मी म्हटलं, तुला जे ऐकू यायला हवंय ते वाजवू नकोस, कागदावर आहे ते वाजव. चांगलं वाक्य आहे. इतरांनाही सांगायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बरोबर एक महिना राहिला. शेन बाईंना आज सगळी रचना पहिल्यांदा सलग ऐकवली, बाराव्या पानासह. ते पान माझं आहे हे मी प्रामाणिकपणे आधीच सांगितलं. तनयाने भाषांतर केलं, बाईंनी मान हलवली.

फ्यूग सुरू झाला तेव्हा त्यांनी चष्मा काढला. मूळ धून शेवटी साधी आली तेव्हा त्यांचे खांदे खाली आले, हात मांडीवर पडले, आणि त्या खिडकीकडे बघून हसल्या. मग माझं पान सुरू झालं. त्या परत ताठ बसल्या आणि संपेपर्यंत स्वतःच्या मोज्यांकडे बघत राहिल्या. भारावून गेल्या असाव्यात.

नंतर त्या काहीतरी बोलल्या. तनयाने सांगितलं, "म्हणतायत, खूप मोठं झालं." आणि गरम पाणी मागितलं.

मी विचारलं, आवडलं ना नक्की? तनयाने विचारलं. बाई म्हणाल्या, तुम्ही फार कष्ट घेतलेत.

दिवसभर हवेत होते. कुठेतरी बारीक खुपतंय, पण सहाव्या रूपाचं असेल.

६ मार्च, गुरुवार

आज बाळकाका आले. बाळकाका पियानो सुरात लावतात, सत्तरीचे आहेत, वर्षातून दोनदा येतात आणि दोन्ही वेळा पियानो बघून नाराज होतात. हा पियानो येरवड्याच्या एका बंगल्यातून आला, मार्केट यार्डातल्या चार हमालांनी तो दुसऱ्या मजल्यावर चढवला. त्याचे व्रण काकांना अजून दिसतात. दर वेळी विचारतात, "ह्यातून बटाटे आणले होते का?"

दोन तास तारा ओढून झाल्यावर म्हणाले, वाजवा काहीतरी, बघू. मी शेन मास्तरांची रचना काढली. फोनवर तानपुरा लावला.

"हे काय गुणगुणतंय?"

तानपुरा, म्हटलं. सवय आहे.

"पियानोला आहे का?"

मी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि सुरू केलं. चौदा मिनिटं आणि वर माझं दीड. ते खुर्चीत डोळे मिटून, हातोडी मांडीवर घेऊन बसले होते. संपल्यावर मीच विचारलं, कसं वाटलं.

ते म्हणाले, "शेवटचं पान तुमचं आहे."

बाराव्या पानाबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. कशावरून, म्हणून विचारलं.

"माणूस चालत चालत घरी पोचला. चपला काढल्या. तेवढ्यात तुम्ही त्याला दंडाला धरून बाहेर काढलंत आणि वाजतगाजत बस स्टँडवर सोडलंत."

मी वाद घातला. पंचमावर कसं संपेल, अधांतरी वाटतं, भूपाचा आधार सा आहे, हे सगळं सांगितलं. विशारद आहे हेही बहुधा सांगितलं. ते उठले, माझा फोन उचलला, तानपुरा कसा बंद करायचा ते त्यांना सापडेना, म्हणून फोन सोफ्यावरच्या उशीखाली घातला आणि वर स्वतः बसले.

"आता वाजवा. अकरावं पान. तेवढंच."

वाजवलं. धून आली, शेवटचा पंचम आला. मी हात उचलले. पुढे काहीच हवं नव्हतं. खोलीत काही लटकत नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं. तो पंचम नव्हताच. घरचा स्वर तोच होता, पहिल्या ओळीपासून. सगळी रचना तिथून निघते आणि तिथे येते. दुसऱ्याच कुणाच्या घरचा सा मी दोन महिने खाली वाजवत ठेवला होता आणि हा माणूस आपल्या घरात का येत नाही म्हणून हळहळत होते.

फ्यूगसुद्धा बरोबर आहे. पहिला आवाज घरातून, दुसरा पाच स्वर वरून. नियम जसाच्या तसा.

मी म्हटलं, म्हणजे आधारस्वर बदलला की हा भूप नाहीच, दुर्गा झाला. स्वर तेच, सा बदलला की राग बदलतो. विशारदला ह्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

बाळकाका उशीवरून उठत म्हणाले, "दुर्गापण नाही. त्याचं त्याला असू द्या की." आणि हत्यारं भरून गेले.

'चूक?' खोडरबराने पुसलं. कागद थोडा फाटला.

७ मार्च, शुक्रवार

आता लिहायचं ते कुणाला दाखवण्यासारखं नाही.

काल संध्याकाळपासून मी बारावं पान वाचवायचे मार्ग शोधते आहे. एक, अकरा पानं वाजवायची, थोडं थांबायचं, मग 'पुण्याकडून भेट' म्हणून वेगळं वाजवायचं. दोन, तेच, पण हळू आवाजात. तीन, शेवटचा सा तेवढा काढायचा. तिसऱ्या मार्गावर मी तासभर खरोखर काम केलं.

हरवलेलं पान मला का हवं होतं, हा प्रश्न आहे. तानपुऱ्यामुळे फसले हे खरं. पण 'एकूण अकरा' हे तानपुऱ्याने झाकलं नव्हतं. शिट्टी कुठे थांबायची हेही मीच ह्या वहीत टिपलं होतं, भाषणात वापरायला म्हणून. रविराज चहा टाकायला उठला होता. सगळ्या घराला कळलं होतं, संपलं म्हणून. मला कळून घ्यायचं नव्हतं, कारण मग मला त्यात जागाच उरत नव्हती.

त्या माणसाला एकदा स्वतःचं ऐकायचं होतं. मी त्याला माझं ऐकवणार होते, तेही त्याच्या उरलेल्या एका कानात.

८ मार्च, शनिवार

तनयाला फोन करून सांगितलं की शेन बाईंना सांग, बारावं पान वाजवणार नाही, माझी चूक झाली, ते तुमच्या वडिलांचं गाणं बिघडवत होतं. स्पष्ट सांग, गुळमुळीत करू नकोस. तनया म्हणाली, थांबा, त्या इथेच आहेत, आणि लगेच विचारून टाकलं. पलीकडे यंत्रांचा आवाज. बाई बरंच बोलल्या.

"मॅडम, त्यांना तेव्हाच कळलं होतं, की पप्पांचं तिथे संपलं."

मग बोलल्या का नाहीत?

तनयाने तेही विचारलं. "त्यांना वाटलं इथली पद्धत असेल. म्हणाल्या, त्या दिवशी चौथी पोळी होती ना, तसं. नको म्हटलं तरी वाढतात, आणि मग खायची असते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात पोळपाटाकडे बघत बसले.

१५ मार्च, शनिवार

तानपुऱ्याशिवाय आठवा दिवस. वाईट वाजतंय. गेल्या आठवड्यापेक्षा कमी वाईट. अजून शेवटच्या स्वरानंतर उजवा अंगठा आपोआप सा कडे जातो. आज त्याला दुसऱ्या हाताने धरलं. बेचाळीस हजार वेळा केलेली गोष्ट आठ दिवसांत कशी जाईल? (आकडा अंदाजे आहे.)

उद्या अकरा वाजता. तिकडे दीड वाजलेला असेल.

१६ मार्च, रविवार

माझा फोन मी सकाळीच रविराजकडे देऊन टाकला. स्वतःवर भरवसा नव्हता.

शेन बाईंनी त्यांचा फोन पुस्तकांच्या थप्पीवर उभा केला. पडद्यावर एक वृद्ध गृहस्थ, लोकरीची टोपी, उजव्या कानामागे यंत्र. मागे दोन-तीन माणसं आणि केक. मुलीने त्यांना काहीतरी सांगितलं, बहुधा ऐका एवढंच. त्यांनी कानाच्या यंत्रावर बोट ठेवलं.

पहिल्या ओळीला त्यांचा चेहरा काही बदलला नाही. दुसऱ्या रूपाला त्यांनी मागच्या माणसांना हाताने गप्प केलं. त्यानंतर मी बघितलं नाही, बघितलं असतं तर वाजवता आलं नसतं. सहाव्या रूपात करंगळी घसरली, दोन जागी. फ्यूगमध्ये दुसरा आवाज जिथे यायला हवा तिथेच आला आणि मला वाटलं, मास्तर, माफ करा.

शेवटी धून साधी आली. शेवटचा स्वर. अंगठा निघाला होता, मी बघितलं त्याला. परत आला. मी हात मांडीवर ठेवले.

नेटवर्क गेलं असं वाटून तनया फोनकडे वाकली. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. त्यांनी तीच शेवटची ओळ शिट्टीवर वाजवली, दम कमी, मधे तुटत, पण पूर्ण. शेवटच्या स्वराला थांबली. मग ते खुर्चीतून उठले आणि पडद्याबाहेर गेले. रिकामी खुर्ची दिसत राहिली. मागची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, आणि भांड्यात तांदूळ फिरवल्याचा.

शेन बाई मोठ्याने हसल्या. गेल्या अडीच महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. तनयाकडे भाषांतर करायला काही नव्हतं.

रविराज माझा फोन हातात घेऊन दारात आला. "संपलं ना? चहा टाकतो."

२३ मार्च, रविवार

शेन बाई परवा परत जाणार. आज निरोपाला आल्या, जेवायला थांबल्या. दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरीला हात आडवा धरला. मी डबा बंद केला. तनयाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला बरं नाही.

वडिलांचा कान अजून आहे तसाच आहे. त्या कॉलबद्दल ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, फक्त रोज भात जास्त होतोय अशी घरच्यांची तक्रार आहे. मुलीने त्यांना बाराव्या पानाचं सांगितलं. तिने सांगायला नको होतं. त्यांनी विचारलंय, ते पान ऐकायला मिळेल का, उत्सुकता आहे.

मी नको म्हटलं. त्यांच्या रचनेला जोडलेलं ते, वेगळं चालणार नाही, आणि त्यांच्या कानात आता त्यांचंच राहू दे. शब्दांनी पुरेसं होईना म्हणून हात आडवा धरून दाखवला, ताटावर धरतात तसा. शेन बाईंना लगेच समजलं. त्यांनी मान हलवली आणि विषय सोडला. जाताना दारातल्या चपला एका रेषेत लावून गेल्या.

बारावं पान मी 'पियानोसाठी भूप'च्या फाइलमध्ये ठेवलं. सा वर संपतं, म्हणजे सा वरून सुरू करायला हरकत नाही. पंधरावी सुरुवात.

त्यांनी एकदा तरी आग्रह करायला हवा होता.